बेसबॉलमधली चीटिंग आणि शिक्षा: क्रिकेटवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दरवर्षी ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज (अमेरिकन बेसबॉलची फायनल) सुरू झाली किंवा एखादं नवीन लफडं बाहेर आलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्रिकेट बघणाऱ्यांना बेसबॉल येतो असं मी धरलेलं नाही, लागेल तिथे थोडं समजावलंय. कंटाळा आला तर खाली उडी मारा, अ‍ॅस्ट्रोजचा कचऱ्याचा डबा शेवटाकडे आहे.

बेसबॉलमध्ये चीटिंग म्हणजे नेमकं काय? तिथे सगळंच चालतं असं ऐकलंय.

सगळं नाही चालत, पण बरंच चालवून घेतात. ढोबळ चार प्रकार धरा: सट्टा नि फिक्सिंग, बॉल-बॅटशी छेडछाड, समोरच्या टीमच्या खुणा चोरणं, आणि औषधं. यातल्या खुणांचं क्रिकेटवाल्यांना पटकन कळत नाही. पिचर (म्हणजे बोलर) पुढचा बॉल फास्ट टाकणार की वळणारा हे आधी कॅचरशी (म्हणजे कीपरशी) ठरतं, पूर्वी कॅचर खाली बसून मांड्यांच्या आड बोटांनी दाखवायचा. बॅटरला हे आधी कळलं तर अर्धं काम झालं. आता गंमत अशी की सेकंड बेसवर, म्हणजे पिचरच्या पाठीमागे, उभ्या असलेल्या रनरने स्वतःच्या डोळ्यांनी ती बोटं बघून बॅटरला इशारा केला तर ते एकदम कायदेशीर, उलट लोक म्हणतात काय हुशार आहे, पण तेच कॅमेऱ्याने केलं की गुन्हा.

माझं मत आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढचं वाचताना कळेल: या खेळात शिक्षा गुन्हा किती मोठा यावर फारशी ठरत नाही, मालकांच्या धंद्याला किती धोका आहे यावर ठरते. आणि मालकांना स्वतःला जवळजवळ कधीच होत नाही.

फिक्सिंग कधीपासून आहे?

प्रोफेशनल लीग जन्मली तेव्हापासूनच म्हणा ना. नॅशनल लीग १८७६ ला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १८७७ ला, लुइव्हिल ग्रेज नावाची टीम ऑगस्टमध्ये टॉपला असताना अचानक हरायला लागली, साध्या साध्या चुका, आणि बॉस्टन पुढे निघून गेलं. क्लबवाल्यांना शंका आली, त्यांनी खेळाडूंना सांगितलं की तुमच्या नावाने आलेल्या तारा आम्हाला उघडून बघू द्या. तारांमध्ये एक सांकेतिक शब्द ठरलेला होता, तो दिसला की मॅच विकलेली. जिम डेव्हलिन, जॉर्ज हॉल, अल निकोल्स हे अडकले, आणि बिल क्रेव्हरने तारा दाखवायलाच नकार दिला म्हणून त्यालाही घातलं त्यांच्यात. चौघांना आजन्म बंदी.

डेव्हलिन त्यांचा मुख्य पिचर, बंदीनंतर पार रस्त्यावर आला. लीगचा प्रेसिडेंट विल्यम हल्बर्टच्या ऑफिसात जाऊन तो अक्षरशः गयावया करत होता, तेव्हा हल्बर्टने खिशातून पन्नास डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवले आणि सांगितलं की माणूस म्हणून तुझ्याबद्दल मला हे वाटतं, पण तू मॅच विकलीस, परत घेणार नाही. हा किस्सा अल्बर्ट स्पॉल्डिंगने लिहून ठेवलाय, थोडा मीठमसाला असेलही. डेव्हलिन पुढे फिलाडेल्फियात पोलिसात लागला आणि १८८३ ला वारला, पस्तिशी पण गाठली नाही बिचाऱ्याने.

१९१९ चं ब्लॅक सॉक्स प्रकरण थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगण्यासारखं नाहीये ते, पण बघतो. शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स, त्या वर्षी वर्ल्ड सिरीज नऊ मॅचची होती. शिकागो जिंकणार हे सगळे धरून चालले होते. शिकागोच्या आठ जणांची नावं यात आली: एडी सिकॉट, लेफ्टी विल्यम्स, चिक गँडिल, स्वीड रिसबर्ग, हॅपी फेल्श, फ्रेड मॅकम्युलिन, बक वीव्हर आणि 'शूलेस' जो जॅक्सन. सिकॉटला मॅचच्या आधी हॉटेलच्या खोलीत उशीखाली दहा हजार डॉलर मिळाले, हे त्याने स्वतःच कबूल केलं. पहिल्या मॅचमध्ये त्याने रेड्सच्या पहिल्याच बॅटरला, मॉरी रॅथला, पाठीत बॉल मारला आणि तीच सट्टेवाल्यांना खूण होती की सौदा पक्का. शिकागो ती मॅच ९-१ हरलं आणि शेवटी सिरीज ५-३ अशी गेली. लेफ्टी विल्यम्स एकटा तीन मॅच हरला, शेवटच्या मॅचमध्ये तर एक बॅटर आउट करून बाकीच्यांकडून मार खाऊन बाहेर. आणि त्याच टीममधला डिकी केर, जो सौद्यात नव्हता, त्याने दोन मॅच जिंकून दिल्या, आपलेच सहकारी मागे उभे राहून हरायचा प्रयत्न करतायत असं असताना!

प्रकरण फुटलं वर्षभराने, सप्टेंबर १९२० मध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणारी ज्युरी). मग खटल्याच्या वेळी खेळाडूंचे कबुलीजबाबाचे कागदच गायब झाले. २ ऑगस्ट १९२१ ला ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. आणि दुसऱ्याच दिवशी नवीन कमिशनर (सगळ्या बेसबॉलचा प्रमुख), जज केनेसॉ माउंटन लँडिस, याने जाहीर केलं की कोर्टाने काहीही म्हणू दे, या आठ जणांपैकी कोणीही परत प्रोफेशनल बेसबॉल खेळणार नाही.

हे वाचून श्रीशांत आठवला ना? २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने श्रीशांत, अंकित चव्हाण वगैरेंना आरोपातून मुक्त केलं तरी बीसीसीआयने बंदी उठवली नव्हती. फरक इतकाच की आपल्याकडे २०१९ ला सुप्रीम कोर्टाने शिक्षेचा फेरविचार करायला लावला आणि ती सात वर्षांवर आली. लँडिसच्या वर कोणीच नव्हतं, मालकांनीच त्याला तसं लिहून दिलं होतं.

जो जॅक्सन निर्दोष होता का? त्याने तर रन काढले होते.

सिरीजमध्ये त्याचं बॅटिंग अ‍ॅव्हरेज .३७५, बारा हिट (बॉल मारून बेसवर पोचणं), तेव्हाचा रेकॉर्ड. त्यामुळे अजूनही लोक भांडतात. पण पाच हजार डॉलर त्याने घेतले, वीस हजार कबूल झाले होते आणि पाचच आले ही त्याची तक्रार होती, ग्रँड ज्युरीपुढे बोललाय तो. मला त्याची दया येते पण निर्दोष म्हणवत नाही.

खरा अन्याय मला बक वीव्हरवर वाटतो. तो मीटिंगांना बसला होता, पैसे घेतले नाहीत, सिरीज नीट खेळला, .३२४ ने. फक्त बोलला नाही. लँडिसचं म्हणणं की ज्याला कळलं आणि ज्याने सांगितलं नाही तोही गेला. १९५६ ला मरेपर्यंत वीव्हर अर्ज करत राहिला. तसं बघायला गेलं तर आज क्रिकेटमध्येही तोच नियम आहे, शाकिब अल हसनवर २०१९ मध्ये बंदी आली ती बुकीने संपर्क केल्याचं कळवलं नाही म्हणूनच, फिक्सिंग केलं म्हणून नाही. पण शाकिबला दोन वर्षं, त्यातलं एक स्थगित. वीव्हरला आख्खा जन्म.

कोर्टाबाहेर एक लहान मुलगा जॅक्सनला 'हे खोटं आहे ना, जो?' म्हणाला, ते खरं का?

नाही. पेपरवाल्यांनी रंगवलेलं. जॅक्सन स्वतः म्हणायचा असं काही घडलंच नाही.

आणि मालकाचं काय झालं?

व्हाइट सॉक्सचा मालक चार्ल्स कोमिस्की, त्याच्या कानावर सिरीज चालू असतानाच कुजबुज आली होती. त्याला काय झालं? १९३९ ला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या सगळ्यात मोठ्या मानाच्या यादीत, घेतलं. आणि सगळ्यामागचा पैसा ज्याचा म्हणतात तो न्यूयॉर्कचा आर्नल्ड रॉथस्टीन, त्याच्यावर आरोपपत्रसुद्धा नाही.

इथे एक सांगायला पाहिजे, कोमिस्की इतका कंजूष होता म्हणून पोरांनी मॅच विकली ही गोष्ट लोकांना फार आवडते, पण नंतर पगाराचे कागद तपासले तर १९१९ ची व्हाइट सॉक्स ही लीगमधल्या जास्त पगार देणाऱ्या टीमपैकी निघाली. तेव्हा गरिबीमुळे केलं वगैरे जरा जपून म्हणा.

बॉलला थुंकी लावायची परवानगी होती हे खरं?

हो, १९२० पर्यंत. त्या वर्षी बंदी आली पण ज्यांचं पोटच त्यावर होतं अशा १७ पिचरना सूट दिली, त्यातला शेवटचा बर्ली ग्राइम्स १९३४ पर्यंत कायदेशीर थुंकत होता.

बंदीनंतर काय, लपूनछपून. गेलॉर्ड पेरी टोपी, कपाळ, बेल्ट, मान असा हात फिरवत राहायचा, खरं व्हॅसलिन कुठे आहे हे कोणालाच कळू नये म्हणून, आणि बॅटर बिचारा त्याच विचारात आउट. तीनशे चौदा मॅच जिंकल्या, बॉलला काही लावल्याबद्दल मैदानाबाहेर काढला तो एकदाच, १९८२ मध्ये. १९९१ ला हॉल ऑफ फेम! लोक कौतुकाने सांगतात त्याच्या गोष्टी.

सगळ्यात भारी प्रसंग मात्र जो नीक्रोचा, ऑगस्ट १९८७, अ‍ॅनाहाइम. अंपायर येऊन म्हणतात खिसे रिकामे कर. हा खिसे उलटे करतो, हात झटकतो, आणि त्या झटक्यात नखं घासायची पट्टी हवेतून उडून गवतावर पडते, टीव्हीवर सगळ्यांदेखत. म्हणे मी नकलबॉल टाकतो, नखं सारखी ठेवावी लागतात. दहा दिवस सस्पेंड, आणि त्या काळात तो एका टीव्ही शोमध्ये सुताराचा एप्रन बांधून हातात घासायची मशीन घेऊन आला. स्मिथ आणि वॉर्नर २०१८ च्या सँडपेपरनंतर प्रेसपुढे रडले होते ते आठवा आणि हे बघा.

अलीकडे डिंकासारखे चिकट पदार्थ लावायचं फॅड आलं होतं, बॉल जास्त फिरतो त्याने. २०२१ च्या जूनपासून अंपायर पिचरचे हात, टोपी, बेल्ट तपासतात, सापडला तर दहा मॅच बाहेर.

बॅटमध्ये बूच भरतात म्हणजे काय?

बॅटच्या जाड टोकात वरून भोक पाडायचं, आत बुचाचं लाकूड भरायचं, वर भुसा-डिंकाने बंद. बॅट हलकी होते. फिजिक्सवाल्यांनी तपासलं तर बॉल त्याने लांब जात नाही म्हणे, पण खेळाडूंना कोण समजावणार.

अल्बर्ट बेलची गोष्ट माहीत नसेल तर ऐकाच. जुलै १९९४, शिकागो. क्लीव्हलंडच्या बेलची बॅट समोरच्या मॅनेजरच्या (बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे आपला कोच) तक्रारीवरून जप्त झाली आणि अंपायरच्या खोलीत कुलपात ठेवली. क्लीव्हलंडचा पिचर जेसन ग्रिम्सली मॅच चालू असताना छतातल्या पोकळीत चढला, तोंडात टॉर्च धरून, रांगत रांगत अंपायरच्या खोलीवर गेला, फरशीसारखी छताची पट्टी काढून खाली उतरला आणि बॅट बदलली. पण बदलून ठेवली कोणाची? पॉल सोरेंटोची, त्यावर त्याचं नाव छापलेलं! कारण बेलच्या झाडून सगळ्या बॅटा बूचवाल्याच होत्या, ठेवायला एकही चांगली नव्हती. बेलला सात मॅचची शिक्षा झाली. ग्रिम्सलीने पाच वर्षांनी स्वतःच सांगितलं की मीच होतो छतात.

खुणा चोरणं अ‍ॅस्ट्रोजनी सुरू केलं का?

छे. १९०० साली, हो एकोणीसशे, फिलाडेल्फिया फिलीजचा मॉर्गन मर्फी आउटफिल्डच्या पलीकडे दुर्बीण घेऊन बसायचा आणि जमिनीखालून वायर टाकून थर्ड बेसच्या कोचच्या पायाखाली बझर वाजवायचा. सिनसिनाटीचा टॉमी कॉर्कोरन एका मॅचमध्ये तिथली माती बुटाच्या खिळ्यांनी उकरायला लागला, लोकांना वाटलं याला झालंय काय, आणि खालून वायर निघाली.

१९५१ चं न्यूयॉर्क जायंट्स त्याहून मोठं. ऑगस्टमध्ये साडेतेरा मॅच मागे होते, तिथून डॉजर्सला गाठलं आणि ३ ऑक्टोबरला बॉबी थॉमसनने डॉजर्सच्या राल्फ ब्रँकाला मारलेला होमरन (आपला सिक्सच म्हणा) अमेरिकेतला सगळ्यात प्रसिद्ध फटका झाला. पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, पेपरात आलं की पोलो ग्राउंड्सच्या सेंटर फील्डमागच्या क्लबहाउसात टेलिस्कोप होता आणि तिथून बुलपेनमध्ये (राखीव पिचर बसतात ती जागा) बझर. थॉमसन म्हणत राहिला की त्या बॉलला मला खूण मिळाली नव्हती. तेव्हा टेलिस्कोपविरुद्ध लेखी नियमही नव्हता. शिक्षा कोणालाच नाही, द्यायची तरी कोणाला.

मग अ‍ॅस्ट्रोजवर एवढा राग का?

कारण ते फार उघड आणि फार साधं होतं. २०१७, ह्यूस्टन. सेंटर फील्डच्या कॅमेऱ्याचं फीड डगआउटच्या मागे जिन्यापाशी एका टीव्हीवर, तिथे कोणीतरी बसून खूण ओळखायचं, आणि वळणारा बॉल असेल तर शेजारचा कचऱ्याचा प्लॅस्टिकचा डबा बॅटने बडवायचा. धाड धाड. आवाज नाही म्हणजे फास्टबॉल. एका ह्यूस्टनच्याच फॅनने नंतर ५८ मॅचचे व्हिडिओ ऐकून ११४३ ठोके मोजले, स्वतःच्या लाडक्या टीमविरुद्ध. त्या वर्षी टीम वर्ल्ड सिरीज जिंकली. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच टीममधला पिचर माइक फायर्स नाव देऊन बोलला, त्याआधी सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी सिद्ध करत नव्हतं.

१३ जानेवारी २०२० ला निकाल: जनरल मॅनेजर जेफ लूनाओ आणि मॅनेजर ए. जे. हिंच एकेक वर्ष बाहेर, क्लबला ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांचे पहिल्या दोन राउंडचे ड्राफ्ट पिक (नवीन खेळाडू निवडायचे हक्क) गेले. क्लबचा मालक जिम क्रेन याने त्याच दिवशी दोघांना काढूनही टाकलं. अ‍ॅलेक्स कोरा (२०१७ ला ह्यूस्टनचा कोच) याची बॉस्टनची नोकरी गेली, कार्लोस बेल्ट्रान (तेव्हा ह्यूस्टनचा खेळाडू) याची मेट्सची, एकही मॅच मॅनेज न करता. विजेतेपद तसंच राहिलं. क्रेनला काही नाही. फेब्रुवारीत प्रेसपुढे तो म्हणाला की याचा खेळावर परिणाम झाला नाही असं आमचं मत आहे, आणि मिनिटभरात एका पत्रकाराने तेच विचारलं तर म्हणतो मी असं म्हणालोच नाही! कॅमेरे चालू होते हो.

ठोके खेळाडूंनी ऐकले, मग खेळाडूंना शिक्षा शून्य का?

दोन कारणं. एक, कमिशनर रॉब मॅनफ्रेडने त्यांना आधीच अभय दिलं की खरं सांगा, कारवाई नाही, नाहीतर कोणी तोंड उघडत नव्हतं. दुसरं जास्त महत्त्वाचं, सप्टेंबर २०१७ च्या त्याच्या परिपत्रकात जबाबदारी मॅनेजर आणि जनरल मॅनेजरवर टाकली होती, आणि अ‍ॅस्ट्रोजच्या वरच्यांनी ते खेळाडूंपर्यंत पोचवलंच नाही. युनियन तगडी आहे, केस लढवली असती तर खेळाडू सुटले असते. नंतर मॅनफ्रेडनेच म्हटलं की अभय देणं हा काही माझा सगळ्यात चांगला निर्णय नव्हता. फायर्सला मात्र घरभेदी म्हणून शिव्या पडल्या, स्वतःची विजेतेपदाची अंगठी ठेवून बोलला म्हणून. असो.

२०२२ पासून कॅचर आणि पिचर बटणं दाबून खुणा पाठवतात, टोपीत छोटा स्पीकर असतो.

पीट रोजने तर स्वतःची टीम जिंकेल यावर पैसे लावले होते, मग त्यात काय एवढं?

हा प्रश्न दर वेळी येतो. रोजचे ४२५६ हिट, आजवरचे सर्वात जास्त. सिनसिनाटीचा मॅनेजर असताना तो सट्टा लावायचा, लीगने चौकशीला नेमलेल्या जॉन डाउडने २२५ पानांचा रिपोर्ट दिला आणि २४ ऑगस्ट १९८९ ला कमिशनर बार्ट जियामाटीने कायमची बंदी घातली. आठ दिवसांनी जियामाटी हार्ट अटॅकने गेला. रोज २००४ पर्यंत नाही नाही म्हणत राहिला.

जिंकण्यावर लावलं तरी वाईट का, तर बघा, मॅनेजर ज्या दिवशी पैसे लावत नाही त्या दिवशी बुकीला आपोआप कळतं की आज याला भरवसा नाही. शिवाय पैसे लावलेत म्हणून आज आपला बेस्ट रिलीव्हर (बदली पिचर) दमेपर्यंत वापरेल, उद्याचं उद्या. आणि बुकीचं देणं झालं की तो बुकी मालक. प्रत्येक क्लबहाउसमध्ये हा नियम लिहून लावलेला असतो, रोजने पंचवीस वर्षं तो वाचलाय.

स्टिरॉइडवाल्यांना मात्र सोडलं?

आधी सोडलं, मग झोडलं. १९९४ च्या संपाने वर्ल्ड सिरीजच रद्द झाली, लोक वैतागले होते. १९९८ मध्ये मार्क मग्वायरने ७० आणि सॅमी सोसाने ६६ होमरन मारले, स्टेडियम भरली, सगळे खूष. मग्वायरच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला औषधाची बाटली दिसली, दुकानात मिळणारंच औषध, तेव्हा लीगने बंदी घातलेलं नव्हतं, तर लोक पत्रकारावरच उखडले. २००१ ला बॅरी बाँड्सचे ७३. शिक्षेसकट टेस्टिंग आलं २००४ ला! डिसेंबर २००७ च्या मिचेल रिपोर्टमध्ये ८९ खेळाडूंची नावं होती.

हॉल ऑफ फेमसाठी बाँड्सला पत्रकारांनी दहा वर्षं पुरेशी मतं दिली नाहीत, २०२२ ला त्यांच्या मतदानातली त्याची शेवटची संधी संपली. आणि हे सगळं चालू असताना कमिशनरच्या खुर्चीत असलेला बड सीलिग? २०१७ ला हॉल ऑफ फेममध्ये. माझं वरचं मत कुठून आलं ते आता कळलं असेल.

रायन ब्राउनचं एक सांगतोच. २०११ ला पॉझिटिव्ह आला, सॅम्पल गोळा करणाऱ्या माणसाने ते वीकेंडला घरी ठेवलं या तांत्रिक मुद्द्यावर सुटला, आणि सुटल्यावर प्रेस घेऊन त्या नोकरदार माणसावरच संशय उडवला. २०१३ ला दुसऱ्या प्रकरणात सापडला, ६५ मॅचची शिक्षा घेतली. मला स्टिरॉइडपेक्षा हे जास्त लागलं.

आता शिक्षा किती आहे?

पहिल्यांदा ८० मॅच, दुसऱ्यांदा पूर्ण सीझन म्हणजे १६२, तिसऱ्यांदा कायमचं घरी.

लीगचेच आता बेटिंग कंपन्यांशी करार आहेत ना?

आहेत, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांना परवानगी द्यायचा रस्ता मोकळा केला आणि त्याच वर्षी लीगने एका कॅसिनो कंपनीशी करार केला. मॅच बघताना स्क्रीनवर भाव दिसतात, आणि खेळाडूने फोन उघडून स्वतःच्या टीमच्या मॅचवर लावलं की आजन्म. २०२४ ला तुकुपिता मार्कानोला काढलं, बेसबॉलवर ३८७ बेट, त्यातल्या काही स्वतःच्याच क्लबवर, तेही तो जखमी होऊन बसलेला असताना. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ या पिचरवर ठरवून खराब बॉल टाकल्याचं आरोपपत्र आलं, दोघांनीही आरोप नाकारलेत. आपल्या स्पॉट फिक्सिंगसारखंच, एकेका बॉलवर पैसे. लगेच बेटिंग कंपन्यांनी एका बॉलवरच्या बेटला २०० डॉलरची मर्यादा घातली. बेट बंद नाही केली, मर्यादा घातली.

मग रोज आणि जॅक्सन आता हॉल ऑफ फेममध्ये जाणार का?

रोज ३० सप्टेंबर २०२४ ला वारला. मे २०२५ मध्ये मॅनफ्रेडने ठरवलं की माणूस मेला की बंदी संपली, त्यामुळे रोज, जॅक्सन, वीव्हर सगळेच यादीतून बाहेर आले. जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी कमिटी डिसेंबर २०२७ ला बसेल, १६ जण असतात, १२ मतं लागतात. जॅक्सन जाईल असं मला वाटतं, रोजचं सांगता येत नाही, आणि वीव्हरचं नाव कोणी घेईल का हीच शंका आहे.